'शेतकरी काढा' म्हटलं तर पोरांनी कोण काढलं? न बोललेल्या समजुती मोजण्याविषयी

गोदाकाठ · रविवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. दिवाळीच्या सुट्टीआधी चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एवढंच लिहिलं, "शेतकऱ्याचं चित्र काढा." अख्ख्या वर्गाने पुरुष काढला. धोतर, पटका, बैलजोडी, एकाने ट्रॅक्टर. खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीने तर मिशा दोनदा गिरवल्या होत्या. या मुलीचे वडील पुण्याला वॉचमन आहेत. घरची दोन एकर कापूस-तूर तिची आईच बघते, फवारणीचा पंपसुद्धा तीच पाठीवर घेते. मी विचारलं, "तुझ्या घरी शेती कोण करतं गं?" म्हणाली, "माय करती." "मग मायला का नाही काढलं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुम्ही शेतकरी काढा म्हणलात ना."

ते वाक्य डोक्यातून जाईना. बाया शेती करतात का असं विचारलं असतं, तर या मुलीने 'हो'च म्हटलं असतं. पेन्सिल हातात आल्यावर मात्र हाताने दुसरंच उत्तर दिलं. मग वाचायला लागले. 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असा प्रयोग डेव्हिड चेंबर्स यांनी मुलांवर केला होता, तो १९८३ साली छापून आला. ४,८०७ मुलांपैकी स्त्री शास्त्रज्ञ काढणारी फक्त २८ निघाली आणि त्या अठ्ठावीसही मुलीच. पण तिथल्या मुलांनी स्त्री शास्त्रज्ञ डोळ्यांनी क्वचितच पाहिली असेल. आमची पोरं रोज सकाळी आईला खुरपं घेऊन शेतात जाताना बघतात.

मग बचत गटाच्या बैठकीत पत्त्यांचा एक खेळ केला. वह्यांच्या पुठ्ठ्यांची चाळीस कार्डं कापली. दहावर बायकांची नावं, दहावर पुरुषांची, दहावर चूल, पोळपाट, पाळणा, केरसुणी असे घरातले शब्द, दहावर सातबारा, फेरफार, मोजणी, पीककर्ज, आडत असले जमिनीचे शब्द. पहिल्या फेरीत बायका आणि घर एका ढिगात, पुरुष आणि जमीन दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या फेरीत अदलाबदल, म्हणजे बायकांबरोबर जमीन. मोबाईलवर वेळ लावली. दुसऱ्या फेरीत एकूण एक बाई अडखळली. मीही. 'पीककर्ज' लिहिलेलं कार्ड माझ्या हातात होतं, कुठे टाकायचं ते मला माहीत होतं, तरी हात चुकीच्या ढिगावर जाऊन थांबला. दर ८ मार्चला शाळेत समानतेवर भाषण मीच करते.

त्या रात्री आठवलं, की माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मी भावांना पाच मिनिटांत सही करून दिलंय. तेव्हा हात अजिबात थांबला नव्हता.

इथे मानसशास्त्र शिकलेले लोक आहेत. हे नेमकं काय मोजलं गेलं? त्यावर किती विश्वास ठेवावा? आणि मुलांच्या बाबतीत पुढे काय करू?

मन्याड · रविवार, सकाळी ९:१५

ताई, धागा फार आवडला. पण एक अडचण आहे. शेतकरी हा शब्दच पुल्लिंगी. 'शेतकरी आला' म्हणताना क्रियापदातच पुरुष येऊन बसतो. 'शेतकरीण' म्हटलं की आमच्या मुखेडकडे शेतकऱ्याची बायको असा अर्थ आधी निघतो. मग पोरांनी समजूत काढली का व्याकरण काढलं? अर्ध्या वर्गाला 'शेतकरी काढा' सांगा, अर्ध्याला 'शेतात काम करणारी माणसं काढा'. फरक किती पडतो ते बघा.

प्रतिक्रियाकाल · रविवार, दुपारी १२:३०

मी संभाजीनगरला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. जरा सविस्तर लिहितो, कारण ताईंनी पुठ्ठ्यावर जे केलं त्याला मोठा इतिहास आहे.

माणसाच्या अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी त्याच्या मनाचा कल, मोजायच्या म्हणजे सरळ विचारायचं, अशी सुरुवात होती. थर्स्टन यांनी १९२८ साली अभिवृत्ती मोजता येतात असं ठासून मांडलं. १९३२ साली लायकर्ट यांची 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' ही पट्टी आली, जी आजही प्रत्येक फॉर्मवर दिसते. या पट्टीवर माणूस आपल्याला शोभेल तेच उत्तर देतो, ही तिची अडचण. आणि कधी कधी त्याला स्वतःलाच धड माहीत नसतं.

म्हणून मानसशास्त्रज्ञ तोंड सोडून हाताकडे आणि घड्याळाकडे वळले. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिला असला की शाईचा रंग सांगायला वेळ लागतो, हे स्ट्रूप यांनी १९३५ साली दाखवलं होतं. मनात दोन गोष्टी घट्ट जोडलेल्या असतील तर त्या वेगळ्या करायला वेळ जातो, हेच तत्त्व पुढे वापरलं गेलं. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, म्हणजे आयएटी, मांडली. ताईंचा खेळ हा तिचाच हाताने केलेला अवतार आहे. संगणकावर दोन कळा असतात, शब्द किंवा चित्र आलं की डावी दाबायची किंवा उजवी. सरावाच्या धरून सात फेऱ्या होतात. दोन्ही प्रकारच्या जोड्यांच्या सरासरी वेळेतला फरक काढतात आणि त्या माणसाच्या एकूण वेळा किती विखुरलेल्या आहेत त्याने भागतात. त्यामुळे मुळात सावकाश काम करणाऱ्यावर अन्याय होत नाही. ताई, तुमच्या गटातल्या म्हाताऱ्या आजी आणि दहावी झालेली सून यांचे नुसते सेकंद शेजारी ठेवू नका, ते याच कारणाने.

या कामात ग्रीनवाल्ड यांच्या बरोबरीचं नाव महजरीन बानाजी यांचं. जन्म सिकंदराबादचा, शिक्षण हैदराबादच्या निजाम कॉलेजात. सामाजिक मानसशास्त्राचे पाच जाडजूड खंड रेल्वे स्टेशनवर स्वस्तात मिळाले आणि ते वाचून आपण या विषयाकडे वळलो, असं त्या सांगतात.  १९४८ पर्यंत आपला मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते, म्हणून मला ही गोष्ट वर्गात सांगायला आवडते.

दुधनाकाठ · रविवार, दुपारी २:०५

वय ६८, जालना. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. मला हे पटत नाही. एका बाईचा हात दोन सेकंद थांबला म्हणून तिच्या मनात अमुक आहे, असा निवाडा करायचा अधिकार कुणी दिला? माझी आई आयुष्यभर शेतात राबली आणि शेतकरी म्हणजे माझे वडील असंच म्हणायची. तिच्यात मला काही खोट दिसत नाही.

प्रतिक्रियाकाल · रविवार, दुपारी २:४०

दुधनाकाठ सर, तुमचा आक्षेप रास्त आहे. परीक्षा करणारेही निवाडा करू नका असंच सांगतात. जोडणी ही खोट नव्हे. आयुष्यभर जे एकत्र पाहिलं, ऐकलं, ते एकत्र बांधलं जातं, आणि तुमच्या आईंच्या काळात तलाठ्यापासून आडत्यापर्यंत सगळे तुमच्या वडिलांचंच नाव घ्यायचे. चाचणी ती गाठ दाखवते. माणूस चांगला की वाईट हे त्यातून कळत नाही, आणि मीही विद्यार्थ्यांना तसं कधी म्हणू देत नाही.

लातूरचा_गणितवाला · रविवार, सायंकाळी ६:२०

पद्धतीवर बोलतो. ताई, तुम्ही सगळ्यांना 'बायका आणि घर' हीच फेरी आधी दिलीत का? तसं असेल तर दुसऱ्या फेरीत वेळ जास्त लागणारच. हाताला एक सवय लागलेली, ती मोडायची. निम्म्या बायकांना उलट क्रमाने द्यायला हवं. शिवाय 'फेरफार', 'आडत' हे शब्द वाचायलाच 'चूल'पेक्षा वेळ लागतो. एखादीने तो शब्द आजवर फक्त ऐकला असेल, लिहिलेला पाहिलाच नसेल, तर तुम्ही तिचं वाचन मोजताय.

आयएटीबद्दलही भाबडेपणा नको. आज दिली आणि पंधरा दिवसांनी दिली तर एकाच माणसाचे गुण बरेच खालीवर होतात. दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणं, ० म्हणजे काहीच संबंध नाही) साधारण ०.५ च्या आसपास धरतात. एका माणसाविषयी काही ठरवायला हे पुरत नाही. गुण आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सगळे अभ्यास एकत्र करून सुमारे ०.२७ काढला. ओस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वंश आणि वांशिक गटांबद्दलचे अभ्यास तपासले तर तो सुमारे ०.१५ निघाला. २०१९ साली ४९२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात चाचणीतले गुण थोडेफार बदलता येतात असं दिसलं, पण त्यामुळे माणसं वेगळी वागायला लागल्याचा पुरावा सापडला नाही.

मला पद्धत मोडीत काढायची नाही. हजार माणसांच्या सरासरीवरून समाजाचा कल दिसेल. एकट्या ताईंच्या हातावरून ताईंबद्दल काही सांगता येणार नाही.

गोदाकाठ · रविवार, रात्री ८:१०

गणितवाले दादा, बरोबर धरलंत. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं. दोघी-तिघींनी 'फेरफार' म्हणजे काय हे मलाच विचारलं होतं, ते मी इथे लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी शब्दांऐवजी चित्रं घेते आणि निम्म्यांना उलटी फेरी आधी देते.

नागसेनवन · रविवार, रात्री १०:४५

मी इथला जुना वाचक, लिहितो कमी. आज राहवलं नाही.

नोकरीसाठी मी एका जिल्ह्याच्या गावी खोली शोधत होतो. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. समोर गेलो की चहा यायचा, गप्पा व्हायच्या. मग प्रश्न यायचा, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की घरातून कुणीतरी मालकांना आत बोलवायचं, आणि बाहेर आल्यावर, "अहो, कालच एकाला शब्द दिलाय." सात ठिकाणी खोल्या काल गेलेल्या होत्या. तिसऱ्या घरी मी चहाचा कप खाली ठेवला तेव्हा मालकीणबाईंनी तो उचलला नाही. त्यांच्या नातवाने उचलायला हात पुढे केला, तर त्याला नुसत्या डोळ्यांनी थांबवलं. मी निघेपर्यंत कप फरशीवर तसाच होता. त्या बाईंना विचारा, तुम्ही जात मानता का. शपथेवर नाही म्हणतील, आणि कदाचित ते त्यांना खरंही वाटत असेल.

१९३० च्या सुमाराला लापियेर नावाचे समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. हॉटेलं, खानावळी मिळून २५१ ठिकाणी गेले, एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच मालकांना पत्राने विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. हा अभ्यास १९३४ चा. आमच्याकडे बरोबर उलटं आहे. विचारलं तर होकार, दारात गेलं तर नकार. शब्द आणि कृती यांत अंतर असतं एवढं दोन्हीकडे सारखं.

म्हणून मला घरमालकाच्या मनात शिरायचंच नाही. दार मोजा. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी तेच केलं. थोरात सर आमच्याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणून हे सांगताना अभिमान वाटतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवडे मिळून ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण ०.६७ पट निघालं, मुस्लिम नावाला ०.३३ पट. २००७ साली हे छापून आलं. यात कुणाचे सेकंद मोजले नाहीत, कुणाला कबुली द्यायला लावली नाही. उत्तर आलं की नाही, एवढंच पाहिलं.

ताई, तुमची कार्डं बघून मला तुमचं हक्कसोड जास्त महत्त्वाचं वाटलं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क १९९४ सालीच मिळाला, देशभर २००५ साली. कायदा आहे आणि सह्याही होतायत. तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे वर्षभरात किती बहिणींनी हक्क सोडला आणि किती भावांनी, हे कुणी मोजलं तर दुसऱ्या कुठल्या चाचणीची गरज उरणार नाही.

दुधनाकाठ · सोमवार, सकाळी ६:३०

नागसेनवन, तुमचं लिहिणं पहाटे वाचलं. आमच्या घरी तसा एक वेगळा कप होता, फडताळाच्या वरच्या फळीवर. तो कुणासाठी आहे असं लहानपणी मी कधी विचारलं नाही. मला ते माहीत होतं, आणि कुणी सांगितल्याचंही आठवत नाही.

सिंदफणा · सोमवार, सकाळी ११:००

मी बीड जिल्ह्यातली. पाच वर्षं सरपंच होते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत बायांना निम्म्या जागा २०११ पासून, त्यातच निवडून आले. पहिल्या ग्रामसभेत मी बोलायला उठले की लोकं माझ्या मालकांकडं बघायचे. मी नळयोजनेचं बोलायचे अन् प्रश्न त्यांना विचारायचे. दोन वर्षं असंच चाललं. एकदा मालक ऊसतोडीला फडावर गेलते, टँकर मीच गटविकास अधिकाऱ्याकडून मंजूर करून आणला. तवापासून फोन मला यायला लागले.

आता असं कळलं की पश्चिम बंगालात हे मोजलंय. प्रतिक्रियाकाल सर, जरा सांगता का?

प्रतिक्रियाकाल · सोमवार, दुपारी १:१५

सांगतो ताई, तो अभ्यास फार देखणा आहे. लोरी बीमन, राघबेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा, २००९ सालचा. प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, बायकांसाठी राखीव कुठल्या गावात होणार हे तिथे चिठ्ठीसारखं ठरायचं, त्यामुळे गावांची तुलना चोख झाली. गावकऱ्यांना पुढाऱ्याचं एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधीच बाई प्रधान झाली नव्हती तिथे बाईच्या आवाजाला पुरुषांनी कमी लेखलं. जिथे आधी होऊन गेली होती तिथे तो फरक जवळजवळ मिटला. आयएटीही दिली होती. वाचता न येणाऱ्यांनाही देता यावी म्हणून चित्रं आणि आवाज वापरून. बाई म्हणजे घर आणि पुरुष म्हणजे पुढारपण, ही पुरुषांच्या मनातली गाठ बाईचा कारभार पाहिलेल्या गावांत सैल झालेली दिसली. मात्र पुढारी म्हणून कोण आवडेल, असं सरळ विचारलं तर आवड पुरुषाचीच राहिली. गणितवाले दादा, नुसतं शिबिर घेऊन चाचणीतले गुण हलवणं आणि पाच वर्षं डोळ्यांनी कारभार बघणं, यात अंतर आहे असं मला वाटतं.

सर्व्हेवाली · सोमवार, रात्री ९:३०

एक फरक करायला हवा. काही गोष्टी माणसाला स्वतःलाच दिसत नाहीत, काही दिसतात पण तो लपवतो. घड्याळ पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी आम्ही नाणं वापरलं.

मी केज-धारूर भागात ऊसतोड कुटुंबांत सर्वेक्षणाचं काम केलंय. "मुलीचं लग्न अठराच्या आत केलं का?" असं विचारलं की सगळीकडे 'नाही'. मग असं करायचो. मावशींच्या हातात रुपया द्यायचा आणि पाठ फिरवायची. "उडवा. छापा पडला तर खरं काही का असेना, 'हो' म्हणा. काटा पडला तर खरं सांगा. मला नाणं दाखवू नका." आता 'हो' म्हणणाऱ्या बाईने लग्न केलंय का नुसता छापा पडला, हे मलाही कळत नाही. समजा शंभर जणींत साठ 'हो' आले. पन्नासेक तर छाप्याचे. उरलेले दहा हे काटा पडलेल्या पन्नासांतले, म्हणजे वीस टक्के. वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप.

एका वस्तीवर एक मावशी नाणं न उडवता ते मुठीत धरूनच बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, छापा पडो का काटा, माझं हो हाय." मग मुलीचं सगळं सांगितलं. ती माहिती मी तक्त्यात भरली नाही. कुठे भरणार?

मन्याड · मंगळवार, सकाळी ८:००

ताई, चित्रांचं काय झालं?

गोदाकाठ · शुक्रवार, सायंकाळी ७:२५

केलं. शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी त्यांचा वर्ग दिला, तिथल्या पोरांना आधीचं काही माहीत नव्हतं. निम्म्यांना 'शेतकरी', निम्म्यांना 'शेतात काम करणारी माणसं'. मन्याड दादा, शब्दाचा फरक पडला. दुसऱ्या गटात बाया आल्या, भरपूर आल्या. पण सगळ्या खाली बसलेल्या, हातात खुरपं, रांगेने. बांधावर उभा असलेला, बैल धरलेला, मोटार चालू करणारा मात्र पुरुषच. एवढं सगळं व्याकरणाने होत नसावं.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने स्वतःहून एक चित्र काढून आणलं. आई, पाठीवर पंप, तोंडाला स्कार्फ. मी विचारलं, "हिला काय म्हणायचं?" तिने विचार केला. "कामाला जाणारी." मी सुचवलं नाही. सुचवावं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुसरं एक ठरवलंय. पेपर तपासण्यातला भेदभाव मोजणारा हॅना आणि लिंडेन यांचा भारतातला अभ्यास वाचला, २०१२ चा. एकाच उत्तरपत्रिकेवर मुलाची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून लिहायची आणि शिक्षकांकडून तपासून घ्यायची. खालच्या मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पेपराला थोडे कमी गुण पडले, आणि ते देणारे मुख्यतः त्याच जातींतले शिक्षक होते. हे वाचून मी हललेच, कारण माझा समज होता की आपल्यातला माणूस आपल्यावर असं करणार नाही. या घटक चाचणीला मुलांनी नाव आतल्या घडीत लिहिलं, वर नुसता क्रमांक. तपासून झाल्यावर घड्या उघडल्या. दोन मुलांना मी दरवेळेपेक्षा जास्त गुण दिले होते. ती दोन कोण, ते इथे लिहीत नाही. या वेळी ती खरंच जास्त शिकली असतील, दोन पेपरांवरून काही सिद्ध होत नाही, गणितवाले दादा म्हणतीलच. पण घडी आता कायम.

कार्डांची उलटी फेरी उद्या बचत गटात आहे, या वेळी चित्रांची. आणि नागसेनवन दादा, हक्कसोडपत्राची प्रत कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. भावाला फोन अजून लावलेला नाही.